घंटेच्या आधी

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, व्हरांड्याच्या कडीला जाड तारेने टांगलेला. आमच्या बाजूला तेव्हा रेल्वे नव्हती, तरी तो रूळ गावात आला कुठून हे कुणालाच सांगता येत नाही. लोखंडी सळईचा टोला पडला की तो कानाआधी दातांत जाणवतो, खिडकीचे गज थरथरतात. मी रुजू झाले तेव्हा पहिले आठ-दहा दिवस प्रत्येक टोल्याला दचकायचे. मग तो आवाज मला ऐकू येईनासा झाला. रोज ऐकणाऱ्याचं तसंच होतं. पुढे कितीतरी वर्षं तो मला ऐकू आला नाही, आणि त्यापायी एका मुलाची शाळा सुटली.

हे बीड जिल्ह्यातल्या एका गावातलं आहे. सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा आणि दिवाळी झाली की निम्मं रिकामं होणारं ऊसतोडीचं गाव. मला दोन मुलांबद्दल सांगायचं आहे. त्यांची नावं लिहिणार नाही. एकाला थोरला म्हणते, एकाला धाकटा. ते भाऊ नाहीत. दोघांमध्ये नऊ वर्षांचं अंतर आहे आणि दोघांनाही पहिलीला मीच होते.

थोरला २००९ च्या जूनमध्ये आला. सहा वर्षांचा, अंगाने धट्टाकट्टा, डोळे टपोरे, पण कुणाच्या डोळ्यांत न बघणारा. विचारलेल्या प्रश्नाचा शेवटचा शब्द परत म्हणायचा. "नाव काय?" "काय." "जेवलास का?" "का." मुलं हसायची. बसकरपट्टीवर तो कधी नीट बसला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, बोटांनी डोळ्यांपुढे उजेड कापत राहायचा, आणि मधूनच, माझ्या मते काही कारण नसताना, शेजारच्याला ढकलायचा, ओरबाडायचा. मी त्याला बाहेर उभं करायचे. दोनदा त्याच्या हातावर पट्टी मारली. ते मला आजही आठवतं, पट्टीचा रंगही आठवतो. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या १७व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली, आणि त्यानंतर मी कुठल्याच मुलावर हात उचलला नाही. पण बाहेर उभं करणं मला शिक्षा वाटत नव्हतं, म्हणून ते चालूच राहिलं.

त्याची आई अधूनमधून यायची. डोक्यावरचा पदर सावरत दाराशीच उभी राहायची. मी म्हणायचे, "लहान आहे हो, रुळेल."

तो रुळला नाही. नापास करायचं नसल्यामुळे वर्ग पुढे सरकत गेले, आणि प्रत्येक वर्षीच्या गुरुजींनी आपापला उपाय केला. कुणी पहिल्या रांगेत बसवलं, कुणी शेवटच्या. कुणी त्याला पाणी भरायला, सतरंज्या झटकायला लावलं. ते काम तो मन लावून करायचा, पण त्याचा अर्थ कुणाला लागला नाही. सहा वर्षांच्या मुलाने ढकललं तर शेजारचं पोर पडतं, रडतं आणि पाच मिनिटांत विसरतं. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात दगड असतो. सहावीत त्याने भिरकावलेला दगड एका मुलीच्या कपाळाला लागला, टाके पडले. शाळेत माणसं जमली. पटावरून त्याचं नाव कुणी काढलं नाही. वडिलांनी दुसऱ्या दिवसापासून पाठवणंच बंद केलं आणि त्या दिवाळीनंतर ते त्याला उसाच्या फडावर घेऊन गेले.

तिथे काय झालं ते त्याच्या आईने मला पुढे सांगितलं. पहाटे कोयता घेऊन दोघं फडात जायची तेव्हा कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, खुंटाला दोर बांधून त्याचं दुसरं टोक ती त्याच्या पायाला बांधायची. रस्त्यावर ट्रॅक्टर, मागे विहीर, आणि तो कुठेही चालत सुटायचा. दोर सुती होता, हे तिने मला दोनदा सांगितलं. काचू नये म्हणून.

मी तिला काय बोलणार? तिच्या हातात दोर यायच्या आधी तो मुलगा सहा वर्षं आमच्या हातात होता. त्यातलं पहिलं वर्ष माझ्या.

धाकटा आला २०१८ च्या जूनमध्ये. पहिल्याच दिवशी, पहिला तास संपता संपता, त्याने शेजारच्या मुलीचा दंड चावला आणि पळत जाऊन मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली बसला. तिसऱ्या दिवशी माझा चष्मा फुटला. आठवडा भरायच्या आत चार पालक शाळेत आले: त्याला घरी ठेवा, नाहीतर आम्ही आमची पोरं नेतो. त्याची आई दाराशीच उभी होती. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "लहान आहे, रुळेल."

नऊ वर्षांपूर्वीचं तेच वाक्य. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या गटसाधन केंद्रातून आमच्याकडे महिन्यातून एखाद-दोनदा विशेष शिक्षिका यायच्या. कंत्राटी नोकरी, स्वतःची दुचाकी, आणि तालुक्यातल्या कितीतरी शाळा एकटीच्या वाट्याला. एरवी त्या आल्या की यादी बघायच्या, एक-दोन मुलांना तपासायच्या आणि पुढच्या गावाला जायच्या. या वेळी मी त्यांना जाऊ दिलं नाही. त्या अख्खी सकाळ वर्गात मागे मांडी घालून बसल्या. तेवढ्यात धाकट्याने एकाला चावलं, मी ओरडले, त्याला उचलून लिंबाखाली नेऊन बसवलं, परत आले. मग त्यांनी विचारलं, "बाई, तो चावायच्या आधी काय झालं होतं?"

"काही नाही हो. उगाच चावला."

"उगाच असं लिहायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या टेबलावरची दोनशे पानी वही ओढून तिच्यात तीन रकाने आखले. आधी काय होतं. त्याने काय केलं. नंतर आपण काय केलं. "पंधरा दिवस फक्त लिहा. त्याला सुधारायला जाऊ नका. पोरांना सांभाळा आणि लिहा."

पन्नास-साठ मुलांचा गलका, पोषण आहाराचा हिशोब, माहिती मागवणारे रोजचे फोन, आणि त्यात ही वही. मला राग आला होता. तरी लिहिलं. त्या पानांवरची एक नोंद जशीच्या तशी देते: "मंगळवार. आधी: गणित संपवून मराठीची पुस्तकं काढायला सांगितली. केलं: पुस्तक फेकलं, शेजारणीला चावला. नंतर: मी ओरडले. लिंबाखाली बसवलं. दहा मिनिटांनी आणला."

बारा दिवसांत चौदा नोंदी झाल्या. एका रविवारी घरी चहाचा कप बाजूला ठेवून मी त्या एकाखाली एक वाचल्या, आणि वाचता वाचता माझे हात गार पडले. पहिल्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत होती: एक काम संपून दुसरं सुरू होणं. चालू असलेलं अचानक थांबणं. पुढे काय येणार हे बाकीच्या मुलांना न सांगता कळत होतं, त्याला कळत नव्हतं. आणि तिसऱ्या रकान्यात तेरा वेळा एकच शब्द होता. लिंबाखाली.

त्याला तेच तर हवं होतं. सावली, शांतता, कुणी अंगाला न खेटणं. चावलं की ते मिळतं, हा धडा त्याला मी शिकवत होते, दिवसातून एकदा, न चुकता. अ-आ-इपेक्षा जास्त नेमाने. थोरल्याला मी वर्षभर बाहेर उभं केलं तेव्हाही हेच शिकवलं असणार.

दोन नोंदींचा मात्र ताळा लागेना. ना काम बदललं होतं, ना कुणी त्याला हात लावला होता. पुढच्या खेपेला मॅडमनी त्या दोन्हींची वेळ विचारली. एक मधल्या सुट्टीच्या तोंडावर, दुसरी शाळा सुटायच्या. दुसऱ्या दिवशी मी सुट्टीच्या आधी फळ्याकडे पाठ करून नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिले. सातवीतला मुलगा व्हरांड्यात आला आणि कोपऱ्यात टेकवलेली सळई त्याने उचलली. फरशीवर तिचं टोक किंचित घासलं. वर्गात कुणालाच ते ऐकू आलं नाही. धाकट्याचे खांदे कानांपर्यंत गेले. मग टोला पडला, आणि मलाही तो ऐकू आला, रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात यायचा तसा, दातांत.

अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोघांनी १९८५ साली एक अभ्यास छापला होता, हे मला नंतर कळलं. विकासात मागे असलेली चार मुलं त्यांनी घेतली. ती स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायची, वस्तू फेकायची. कोण कशासाठी असं करतंय हे त्यांनी आधी शोधलं. काही मुलांना मोठ्यांचं लक्ष हवं होतं, काहींना अवघड कामातून सुटका हवी होती. मग त्यांनी मुलांना तीच मागणी करायची दुसरी वाट दिली. काम जड गेलं तर म्हणायचं, मला समजलं नाही. लक्ष हवं असेल तर विचारायचं, मी चांगलं करतोय ना? आणि असं म्हटलं की मोठ्यांनी लगेच मदत करायची किंवा कौतुक करायचं. त्रासदायक वागणं कमी झालं. मात्र ज्याला सुटका हवी आहे त्याला कौतुक मागायला शिकवून उपयोग नव्हता. वाक्य त्याच्या गरजेचंच असावं लागत होतं. मला या अभ्यासात सगळ्यात मोठं हे वाटतं. कारण आपल्याकडे सगळ्या मुलांना एकच औषध असतं, एक तर दटावणी नाही तर चॉकलेट.

धाकटा बोलत नव्हता, म्हणून त्याचं वाक्य आम्ही पुठ्ठ्यावर केलं. तालुक्याच्या फोटो स्टुडिओतून लिंबाच्या झाडाचा फोटो काढून आणला, पुठ्ठ्याला चिकटवला, वर प्लॅस्टिक चढवलं. काम बदलायच्या आधी, तो चावायच्या आधी, मी ते कार्ड त्याच्या हातात द्यायचे, त्याचा हात धरून ते माझ्या हातात ठेवायला लावायचे आणि त्याच क्षणी त्याला लिंबाखाली न्यायचे. आधी या शब्दावर सगळा खेळ आहे. चावून झाल्यावर कार्ड दिलं तर पुन्हा तोच जुना धडा. चौथ्या दिवशी त्याने स्वतः कार्ड पुढे केलं. त्या दिवशी एकूण सतरा वेळा केलं. सतरा वेळा मी उठले. शेजारच्या वर्गाचे गुरुजी म्हणाले, "बाई, तुम्ही पोराला डोक्यावर चढवून ठेवलंय." मलाही तसंच वाटत होतं. पण मॅडमनी बजावलं होतं की सुरुवातीला एकदाही नाही म्हणायचं नाही. कार्ड दिलं आणि काही झालं नाही, तर तो ते कार्ड कशाला जपेल? त्याच्याकडे खात्रीचे दात होतेच की.

त्याच वेळी दुसरी बाजूही सांभाळायची होती. चावलं तर आता बाहेर न्यायचं नाही. शेजारच्या मुलाला लांब करायचं, त्याच्याजवळ न बोलता बसायचं, हात धरून कार्ड द्यायला लावायचं, मग न्यायचं. दुसऱ्या आठवड्यात त्याचं चावणं वाढलं. माझ्या मनगटावर अजून एक वण आहे. मी मॅडमना फोन करून रडले. त्या म्हणाल्या, "नेहमीचं दार उघडलं नाही की माणूस आधी जोरात ठोठावतो. थोडे दिवस धरा." आणि मग म्हणाल्या, "सहा वर्षांचा आहे म्हणून तुम्हाला हे जमतंय. बारा वर्षांचा असता तर तुम्ही त्याच्या जवळ बसला असता का?"

नसते बसले. मला माहीत आहे, कारण एका बारा वर्षांच्या मुलाजवळ मी बसले नव्हते.

बाकीचं सांगायला सोपं आहे. वर्गाच्या खिडकीला सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी तिच्यावर दिवसाची चित्रं ओळीने लावली: प्रार्थना, पाटी, पुस्तक, खिचडी, खेळ, घर. एक संपलं की त्याने ते चित्र उलटं करायचं. महिन्याभरात सगळी पहिली त्या सुतळीकडे बघून चालायला लागली. कुणाला पुढे काय आहे हे आधी कळलेलं नको असतं? कार्ड आणि लिंब यांच्यातलं अंतर आम्ही हळूहळू वाढवलं, आधी दहा आकडे मोजून, मग एक ओळ लिहून, मग पान संपवून. आणि घंटेच्या सळईच्या टोकाला मोठ्या सरांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला. टोला अजूनही मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू येतो, पण गज थरथरत नाहीत. या सगळ्याला खर्च आला तो फोटोंचा. ट्यूब तर सरांच्याच सायकलची होती.

ती ट्यूब २००९ सालीही गावात होती. मला राहून राहून तेच वाटतं.

लवकर मदत म्हटलं की आपण वयाचा विचार करतो. तो हवाच. पण त्या वहीने मला दुसरं 'लवकर' दाखवलं, पाच मिनिटं आधीचं, सळई उचलली जाते तेवढ्या वेळचं. आम्ही शिक्षक नेहमी नंतर पोहोचतो. चावल्यावर, पळाल्यावर, दगड लागल्यावर. आमची सगळी भाषाच नंतरची आहे: समज दिली, पालकांना बोलावलं, शेरा लिहिला. शाळेत आधीचा रकाना भरायचं काम कुणाचंच नसतं.

दिवाळी झाली आणि धाकट्याचे आई-वडील टोळीबरोबर निघाले. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली होती, थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. मी आजीला गाठलं. म्हटलं, आजी, याला नेऊ देऊ नका, आत्ता कुठे धागा लागलाय. आजी म्हणाली, "मी ठिवून घेती, पर मला लिव्हता-वाचता येत न्हाई बाई. तुमच्या चित्राचं मला काय कळतंय?" मी चित्रांचा दुसरा संच तिच्या चुलीजवळच्या खुंट्यांवर लावून दिला. चार दिवसांनी गेले तर आजीने त्यात स्वतःची भर घातली होती. पहिल्या चित्राच्या आधी एका खुंटीला तिने त्याची चहाची पितळी वाटी टांगली होती. म्हणाली, "सक्काळी उठलं की आधी हे बघतंय. आधी सांगितलं की लेकरू ऐकायलंय बाई." त्याच्या गळ्यात देवऋष्याचा ताईत होता. तो तसाच राहिला. मी ताइताबद्दल बोलले नाही आणि तिने चित्रांबद्दल वाद घातला नाही.

निदान आलं ते जिल्ह्याच्या दवाखान्यातून, बऱ्याच हेलपाट्यांनंतर, दुसऱ्या सत्रात: स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यांत हा शब्द नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, जो एप्रिल २०१७ पासून लागू झाला, एकवीस प्रकारांत त्याला जागा दिली. अध्ययन अक्षमतेलाही दिली. त्याच कायद्याचं १६वं कलम शाळांना सांगतं की अशा मुलाला इतरांबरोबर शिकवा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयी करा. सोय म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे उताराचा रस्ता आणि कठडा येतो. सळईला बांधलेली ट्यूब हीसुद्धा त्या कलमातली सोय आहे, असं मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आणि एक नक्की, निदानाचा कागद यायच्या कितीतरी आधी ट्यूब बांधून झाली होती. वागण्याचं कारण शोधायला प्रमाणपत्र लागत नाही. प्रमाणपत्राची वाट बघत बसलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. तेवढ्यात वर्ष जातं, आणि लहान मुलाच्या आयुष्यात वर्ष फार मोठं असतं.

खरं तर पहिलीसुद्धा उशीरच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. दोन डॉक्टर, एक नर्स आणि औषधं बघणारा अशा पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जायचं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब या चार गोष्टी बघायच्या, आणि गरज असेल त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लवकर मदत सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवायचं. आखणी उत्तम आहे. आमच्याकडे गाडी यायची तेव्हा दात, डोळे, रक्त कमी आहे का, हे बघून व्हायचं. पण वागणं जिभेसारखं बाहेर काढून दाखवता येत नाही. अनोळखी माणसांपुढे रांगेत उभं केल्यावर धाकटा भिंतीला चिकटून गप्प उभा राहायचा, आणि गप्प मूल तपासणीत शहाणं ठरतं.

ज्यांना माहीत होतं त्या होत्या अंगणवाडीच्या ताई. धाकटा त्यांच्याकडे जेमतेम दोन महिने गेला होता. मी त्यांना सहज विचारलं तर त्या चटकन म्हणाल्या, "तो ना? पोरांनी गाणं सुरू केलं की पळायचा. एकेकट्याशी बरा असायचा." चार वर्षांचा असतानाच कुणाला तरी ठाऊक होतं की गलका त्याला सोसत नाही. अंगणवाडीपासून आमची शाळा दोनशे पावलांवर आहे, आणि ते वाक्य दोन वर्षांत ती दोनशे पावलं चाललं नाही, कारण ते लिहायला कुठल्याच रजिस्टरात जागा नव्हती. तिकडून आमच्याकडे आलं ते जन्मतारीख आणि आधार क्रमांक.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या १९४५ मध्ये. तिथे आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर त्यांनी काम केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. बोर्डी आणि कोसबाड आज पालघर जिल्ह्यातच येतात, याचा मला उगीचच अभिमान वाटतो. २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाड्यांना मार्गदर्शक कार्यपद्धती दिली, तेव्हा बरं वाटलं. मला त्यात एकच कागद वाढवून हवा आहे. दर जूनमध्ये अंगणवाडीच्या ताईंनी पहिलीच्या शिक्षकाशेजारी बसून प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी सांगाव्यात: हे कशाने बिथरतं, हे कशाने शांत होतं. आमच्या शाळेत आम्ही हे २०१९ पासून करतो. दुपारभरात होतं. सोबत कांदेपोहे करतो.

एक शंका मला अनेकांनी विचारली, आणि ती खरी आहे. हे मुलाला वळण लावणं झालं की मोडणं? वागणं बदलण्याच्या शास्त्राचा इतिहास काही सगळाच चांगला नाही. गेल्या शतकात अमेरिकेतल्या उपचारकेंद्रांत स्वमग्न मुलांना 'इतरांसारखं' करण्यासाठी थपडा मारल्या गेल्या, विजेचे झटकेसुद्धा दिले गेले. ती मुलं मोठी होऊन आज स्वतः बोलतायत, आणि त्यांचं ऐकल्यावर माझी मी एक रेघ आखून घेतली. धाकटा आनंदात असला की दोन्ही हात पंखांसारखे फडफडवतो. ते मी वहीत कधी लिहिलं नाही, कारण ते थांबवायचं नाही. ओळीत न बसणं, डोळ्यांत न बघणं, एकच दगड दिवसभर मुठीत धरणं, यातलं काही लिहिलं नाही. ज्याने त्याला किंवा दुसऱ्याला दुखतं तेवढंच वहीत येतं. तिथेही प्रश्न हा की आपण काय बदलायचं. चौदा नोंदींमधल्या बहुतेकींत बदलायचं होतं ते माझंच काहीतरी.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले १ डिसेंबर २०२१ ला. धाकटा तेव्हा चौथीत होता, उंच झालेला. मला वाटलं होतं सगळं पुसलं गेलं असेल. बरंच गेलंही होतं, अक्षरं, आकडे. पण पहिल्या दिवशी तो वर्गात आला आणि खिडकीपाशी जाऊन रिकाम्या भिंतीवर सुतळी शोधू लागला. चित्रं आजीच्या घरी होती. ती तिने पदरात गुंडाळून आणून दिली, चुलीच्या धुराने काळवंडलेली.

माझी बदली आता दुसऱ्या गावी झाली आहे. पण मागच्या दिवाळीत मी मुद्दाम त्या गावी गेले, थोरल्याच्या घरी. टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी. अंगणात भांडी, पत्रे, गोधड्या बांधून ठेवलेल्या. थोरला आता बाविशीचा आहे, दाढी आलेली. ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता, बोटांनी उजेड कापत. मी जरा लांब बसले. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याच्या आईने चहा ठेवला. मला माफी मागायची होती, पण ती कशी मागतात हे सुचेना, म्हणून मी तिला तोच प्रश्न विचारला. म्हटलं, "ताई, तो चिडतो, त्याच्या आधी काय होतं?"

तिने क्षणभरही विचार केला नाही.

"मला ठाव हाये की बाई. मुकादमाचा ट्रॅक्टर तिकडं वळणावर आला न्हाई तवर ह्याच्या पायाची बोटं आकसतात. आपल्याला आवाज बी येत न्हाई तवा. मग मी ह्याला आत न्हेते, पोतं टाकून बसवते, कानाला फडकं बांधते. मग काय करत न्हाई. मी फडात असले, जवळ नसले, की मंग व्हतंय सगळं." चहा गाळता गाळता ती थांबली. "शाळंत बी घंटी व्हायच्या टायमाला तशीच बोटं आकसायची. मी दारात उभी राहून कितीदा बघितलंय."

मी काही बोलू शकले नाही. तिनेच कपबशी माझ्यापुढे सरकवली.

"तुमी कंदी इचारलं न्हाई, बाई."

मी पिशवीतून वही काढली. तीन रकाने आखले. "ताई, परत सांगा," म्हटलं, "सावकाश सांगा." आणि पहिल्या रकान्यात लिहिलं: पायाची बोटं.